वाचकांचे प्रश्न : नकाशावरची रेघ आणि खांबावरची केबल

या वेळच्या पत्रांत केबलचालक आणि तालुक्याच्या गावी इंटरनेट पुरवणारे छोटे सेवादार जास्त आहेत. बहुतेकांनी आपल्या फायबर केबलचा कागदावरचा किंवा गूगल अर्थवरचा आराखडा आता क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये आणायला घेतलाय. हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि या कामाला पुरून उरतं, म्हणून उत्तरंही त्याच्याच भाषेत दिली आहेत.

प्रश्न : गूगल अर्थमध्ये आखलेला आमचा मार्ग १८.४ किलोमीटर भरतो. तीच फाइल क्यूजीआयएसमध्ये घेऊन लांबी काढली तर १९.४ येते. केबल कोणत्या आकड्यावर मागवायची? (दौंड)

उत्तर : मार्गाची लांबी १८.४च आहे. मागचा उपग्रह-नकाशा आधी लोड केला की क्यूजीआयएसचा प्रोजेक्ट ३८५७ क्रमांकाच्या वेब मर्केटर पद्धतीत जातो. मग लेयरही (नकाशातला तुमच्या मार्गाचा थर) त्याच पद्धतीत सेव्ह होते आणि तिची सपाट लांबी मोजली जाते. ही पद्धत विषुववृत्तापासून दूर जावं तसं अंतर ताणते. दौंडच्या अक्षांशावर हा ताण सुमारे साडेपाच टक्के भरतो, आणि तुमचा जादाचा एक किलोमीटर तिथूनच आलाय.

लेयर यूटीएममध्ये, म्हणजे पृथ्वीचे उभे पट्टे (झोन) पाडून मीटरमध्ये मोजणाऱ्या पद्धतीत, घ्या. महाराष्ट्राचा बराचसा भाग आणि गोवा झोन ४३ उत्तरमध्ये येतो, त्याचा क्रमांक ३२६४३. रेखांश ७८च्या पूर्वेला, म्हणजे यवतमाळ, वर्धा, नागपूर, चंद्रपूर, गडचिरोलीकडे, झोन ४४ लागतो आणि क्रमांक ३२६४४ होतो. यूटीएममध्येही थोडी चूक असते, पण ती किलोमीटरमागे मीटरभराच्या आतच. आपल्या कामात ती धरायचं कारण नाही. बदल करताना 'रिप्रोजेक्ट लेयर' हेच साधन वापरा. 'सेट लेयर सीआरएस' फक्त पाटी बदलतं, आतले आकडे जिथल्या तिथे राहतात. ते दाबलं की तुमचं गाव थेट समुद्रात जाऊन पडतं.

केबलच्या मागणीचं मात्र वेगळं आहे. दर ४०० मीटरला १५ मीटरचा लूप (दुरुस्तीसाठी गुंडाळून ठेवलेली जादा केबल) धरला तर १८.४ किलोमीटरला ४६ लूप, म्हणजे ६९० मीटर. ड्रम २ किलोमीटरचा असेल तर नऊ-दहा जॉइंट येतील, प्रत्येकाला दोन्ही बाजूंनी दहा-दहा मीटर. वर खांब उतरणं-चढणं आणि वाया जाणारे तुकडे. सगळं मिळून साडेएकोणीसच्या पुढे जातं, म्हणजे दहा ड्रम. इथे गंमत अशी की १९.४ हा चुकीचा आकडा बरोबर वाटू लागतो आणि चूक वर्षानुवर्षं तशीच राहते. पुढच्या कामात त्याच आकड्यावर पुन्हा लूप चढवले की गोदामात ड्रम शिल्लक पडतात.

ड्रम जिथे संपतो तिथे जॉइंट येणार, हे लक्षात ठेवून ती जागा नकाशावर आधीच ठरवा. पुलाच्या मधोमध किंवा घाटाच्या वळणावर जॉइंट आला तर पावसाळ्यात रात्री तिथे मशीन घेऊन बसायची वेळ येते.

प्रश्न : आम्ही केबलची एकच लाइन लेयर केली आहे आणि रंगावरून ६ कोअर, १२ कोअर, २४ कोअर ओळखतो. एवढ्याने भागत नाही का? (पंढरपूर)

उत्तर : पन्नास ग्राहकांपर्यंत भागतं. पुढे नाही, कारण मार्ग, केबल आणि कोअर (केबलमधला काचेचा एकेक तंतू) या तीन वेगळ्या गोष्टी तुम्ही एका रेघेत कोंबल्या आहेत. एकाच खांबांच्या रांगेवरून तीन केबल जातात आणि एका केबलमधल्या चोवीस कोअर चार दिशांना फुटतात.

निदान एवढं वेगळं करा. बिंदूंच्या लेयरमध्ये खांब, चेंबर, जॉइंट क्लोजर (जोड झाकणारा डबा), स्प्लिटरची (एका कोअरचा सिग्नल अनेकांत वाटणाऱ्या भागाची) पेटी, ओएलटीची (सगळे ग्राहक जिथून निघतात त्या मुख्य यंत्राची) खोली. मार्गाच्या लेयरमध्ये खांब ते खांब किंवा चेंबर ते चेंबर तुकडे. केबलच्या लेयरमध्ये क्लोजर ते क्लोजर एक सलग रेघ, सोबत कोअरसंख्या, कंपनी, ड्रम क्रमांक आणि दोन्ही टोकांना कव्हरवर छापलेला मीटरचा आकडा. हा शेवटचा रकाना का, ते खाली ओटीडीआरच्या (केबलची तूट शोधणाऱ्या मशीनच्या) उत्तरात येईल. चौथा असेल जोडणीचा तक्ता, ज्याला नकाशावर आकार नाही, नुसत्या ओळी आहेत.

खरं जाळं या तक्त्यात असतं. एक ओळ म्हणजे एक जोड : क्लोजर क्रमांक, येणारी केबल, तिची ट्यूब (कोअरचा जुडगा असलेली आतली नळी), तिची कोअर, जाणारी केबल, ट्यूब, कोअर, स्थिती, तारीख. स्थितीला तीनच पर्याय ठेवा, 'जोडलेली', 'न कापता सरळ गेलेली' आणि 'रिकामी'. मधला पर्याय बरेच जण गाळतात. मग कधीतरी कुणी भलती ट्यूब कापतं आणि चालू ग्राहक बंद पडतात. प्रोजेक्टच्या गुणधर्मांत जाऊन क्लोजर आणि हा तक्ता यांच्यात 'रिलेशन' बांधा. क्लोजरवर टिचकी मारली की त्याच्या सगळ्या जोडण्या फॉर्ममध्ये दिसतात.

रंगांचा क्रम पाठ असला तरी तक्त्यात पर्यायांची यादी म्हणूनच द्या : निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी, पांढरा, लाल, काळा, पिवळा, जांभळा, गुलाबी, आकाशी. सहा कोअरच्या ट्यूबमध्ये पहिले सहा येतात. एक २४ कोअरची केबल सहाच्या चार ट्यूबची असते, दुसरी बाराच्या दोन ट्यूबची. म्हणून 'कोअर १४' असं नुसतं लिहू नका. पहिल्या प्रकारात ती तिसऱ्या ट्यूबमधली नारिंगी होते, दुसऱ्यात दुसऱ्या ट्यूबमधली नारिंगी. काही केबलींत दोनच ट्यूब रंगीत आणि बाकीच्या पांढऱ्या असतात. तिथे पहिल्या रंगीत ट्यूबकडून दुसरीकडे मोजत जायचं. एका टोकाला ते घड्याळाच्या दिशेने आलं, तर दुसऱ्या टोकाला उलट येतं. दोन टोकांना दोन माणसं बसून दोघांनीही घड्याळाच्या दिशेने मोजलं, की अख्खा जॉइंट पुन्हा उघडावा लागतो.

क्लोजरला क्रमांक द्या, नाव नको. 'टपरीजवळचा' हा शेरा वेगळ्या रकान्यात असू दे, कारण टपरी हलते.

प्रश्न : एका पोर्टवर ६४ ग्राहक द्यायचे आहेत. ओएलटीपासून शेवटचं घर साडेसात किलोमीटरवर आहे. सिग्नल पुरेल का, हे केबल टाकण्याआधी नकाशावरूनच कळेल का? (पंढरपूरच्याच दुसऱ्या वाचकांकडून)

उत्तर : कळतं, आणि आधीच काढायला हवं. जीपॉन म्हणजे एका फायबरवर अनेक ग्राहक देण्याची पद्धत. तिच्या ओएलटीतल्या बी प्लस मॉड्यूलला एकूण २८ डीबी (सिग्नलच्या घटीचं माप) घट चालते, सी प्लसला ३२. खर्चाच्या बाजूला हे आकडे धरा : फायबर किलोमीटरला ०.३५ डीबी, फ्यूजन (वितळवून केलेला) जोड ०.१, कनेक्टर ०.५. पीएलसी स्प्लिटर (सगळ्यांना समान वाटा देणारा) १:४ ला ७.३, १:८ ला १०.५, १:१६ ला १३.७, १:३२ ला १७. खाली येणारा सिग्नल १४९० नॅनोमीटरवर असतो आणि त्याला किलोमीटरला पाव डीबीच लागतं. पण ग्राहकाकडून वर जाणारा १३१० वर असतो, तो जास्त घटतो. हिशेब त्याच्यावर करायचा.

तुमचा मार्ग धरू : ७.६ किलोमीटर, ९ जोड, ४ कनेक्टर. फायबरचे २.६६, जोडांचे ०.९, कनेक्टरचे २. त्यात १:४ आणि १:८ लावले, म्हणजे ३२ ग्राहक, तर स्प्लिटरचे १७.८ आणि एकूण २३.३६. वर ३ डीबी राखीव ठेवले तर २६.३६, बी प्लसमध्ये आरामात बसतं. ६४ साठी १:८ आणि पुन्हा १:८ लावले तर स्प्लिटरचेच २१ होतात, राखीव धरून एकूण २९.५६. बी प्लस पुरणार नाही, सी प्लस घ्या.

राखीव ३ डीबी 'उगाच' म्हणून कापू नका. जेसीबीने एकदा केबल तोडली की मधे तुकडा घालून दोन नवे जोड येतात. असे पाच प्रसंग म्हणजे एक डीबी गेला. त्यात कनेक्टरवरची धूळ, आणि कुणीतरी खिळ्याला गुंडाळलेली ड्रॉप वायर (पेटीपासून घरापर्यंतची).

हे सगळं पेटीच्या लेयरमध्ये 'व्हर्च्युअल फील्ड' म्हणून सूत्राने लिहून ठेवा आणि त्या आकड्यावरून रंग द्या : २५ पर्यंत हिरवा, २८ पर्यंत पिवळा, पुढे लाल. बसवताना पॉवर मीटरने आलेला खरा आकडाही शेजारच्या रकान्यात हवा. हिशेबाने मायनस २० यायला हवं तिथे त्याहून कमजोर, मायनस २४ आलं तर ग्राहकाचं इंटरनेट चालेल, तक्रार येणार नाही, पण तुमचा कुठला तरी जोड किंवा वळण खराब आहे. बऱ्याचदा सरळ टोकाचा निळा यूपीसी कनेक्टर तिरप्या टोकाच्या हिरव्या एपीसीत खुपसलेला सापडतो.

प्रश्न : आमच्याकडे रस्त्याच्या कडेने एकामागोमाग सहा वाड्या आहेत, प्रत्येकीत सात-आठ ग्राहक. प्रत्येक वाडीला ओएलटीपासून वेगळी कोअर द्यावी का? (राजापूर)

उत्तर : कोअर शिल्लक असतील तर एकाच ठिकाणी १:८ चा स्प्लिटर लावून प्रत्येक वाडीला स्वतंत्र कोअर देणं सगळ्यात सरळ. तसं नसेल तर असमान कपलरची (सिग्नल कमी-जास्त वाट्यांत दोन पायांना देणाऱ्या भागाची) साखळी करा. एकाच कोअरवर पहिल्या तीन वाड्यांना १०:९०, चौथीला २०:८०, आणि शेवटी ५०:५० ने पाचवी-सहावी. प्रत्येक वाडीत पुढे १:८ पीएलसी.

दहा टक्क्यांच्या पायाला सुमारे ११ डीबी घट येते, नव्वदच्या पायाला ०.७. वीसच्या पायाला ७.६, ऐंशीच्या १.२. नुसत्या कपलर-स्प्लिटरची घट पहिल्या वाडीला २१.५, तिसरीला २२.९, चौथीला २०.२ आणि शेवटच्या दोघींना १७.४ येते. शेवटच्या वाड्या लांब असल्याने फायबरची घट त्यांच्यावर चढते आणि सगळे जवळपास एका पातळीवर येतात. कपलर घेताना १३१०, १४९० आणि १५५० या तिन्ही तरंगलांबींना चालणारे आहेत ना, हे बघा.

नेहमीची चूक म्हणजे पाय उलटे लागणं. नव्वदचा पाय वाडीत आणि दहाचा पुढे गेला, तर त्या वाडीत सिग्नल मायनस ९-१० च्या घरात दिसतो, माणसं खूश होतात, आणि पुढच्या वाड्या दहा डीबीने खाली जाऊन बंद पडतात. ओएनयूला (ग्राहकाच्या घरच्या यंत्राला) मायनस ८ पेक्षा जास्त सिग्नल चालत नाही, त्यामुळे 'भरपूर सिग्नल' ही खुशीची बाब नाहीच. नकाशावर कपलर हा बिंदू असतो, पण त्याच्या कोणत्या पायाला कोणती कोअर गेली ही नोंद जोडणीच्या तक्त्यातच हवी. साखळीची दुसरी अडचण अशी की उद्या मधेच सातवी वाडी आली तर तिच्या पुढच्या सगळ्यांचं गणित नव्याने मांडावं लागतं.

प्रश्न : घरांचे ठिपके टाकून के-मीन्स क्लस्टरिंगने आठ-आठचे गट केले. एका गटात चार घरं, दुसऱ्यात चौदा, आणि काही घरं रेल्वेच्या पलीकडची. कुठे चुकलं? (वर्धा)

उत्तर : काहीच चुकलं नाही, के-मीन्स असाच वागतो. तो फक्त सरळ रेषेतली जवळीक बघतो. गटात किती घरं असावीत हे त्याला सांगता येत नाही, आणि मधे रेल्वे आहे की नाला हे त्याला माहीत नसतं. म्हणून आधी रेल्वे, नदी, मोठा रस्ता यांनी गावाचे विभाग पाडा आणि प्रत्येक विभागात वेगळं क्लस्टरिंग करा. आठच्या पेटीला सहाच घरं धरा, दोन जागा नंतर येणाऱ्यांसाठी. उरलेली सारवासारव हातानेच.

मग 'सर्व्हिस एरिया' साधनाने पेटीपासून रस्त्याने १०० मीटर चाललं तर कुठवर पोचतो ते काढा. ड्रॉप वायर रस्त्यानेच जाणार, छपरावरून नाही. रस्ते ओपनस्ट्रीटमॅपवरून क्विकओएसएम प्लगइनने मिळतात. चौकात रेघा एकमेकींना नुसत्या ओलांडत असतील तर आधी त्या 'स्प्लिट विथ लाइन्स'ने तोडा, नाहीतर सॉफ्टवेअरला तिथून वळताच येत नाही. घरांचे आकार गूगलच्या ओपन बिल्डिंग्ज संचातून घेता येतात. पण त्यात गोठाही इमारत आणि चार बिऱ्हाडांचा वाडाही एकच इमारत. बिऱ्हाडं मोजायला गल्लीत फिरावंच लागतं. मोबाइलवर क्यूफील्ड (क्यूजीआयएसचं मोबाइल अॅप) घेऊन एक माणूस दिवसभरात ते करतो. फक्त मोबाइलचं जीपीएस तीन ते पाच मीटर इकडेतिकडे दाखवतं, त्यामुळे अरुंद गल्लीत खांब डाव्या बाजूला की उजव्या, हे फॉर्ममध्ये वेगळं लिहून घ्या.

प्रश्न : ओटीडीआरने ३,४२० मीटरवर केबल तुटल्याचं दाखवलं. नकाशावर तेवढं अंतर मोजून माणसं पाठवली. तुटलेली जागा त्याच्या २१० मीटर अलीकडे निघाली. मशीन चुकतंय का? (जत)

उत्तर : मशीन काचेची लांबी मोजतं आणि नकाशा रस्त्याची. मधल्या २१० मीटरचा हिशेब सहज लागतो. तुटलेल्या जागेच्या आधी नऊ लूप असतील, पंधरा-पंधरा मीटरचे, तर १३५ झाले. चार क्लोजरांसाठी केबल खाली उतरवून पुन्हा वर नेली असेल तर प्रत्येकी बारा, ४८ झाले. उरले २७. ट्यूबमध्ये फायबर सरळ नसतं, नागमोडी असतं. ते कव्हरपेक्षा सुमारे पाऊण टक्का लांब भरतं, म्हणजे २४-२५ मीटर.

राहिला झोळ, ज्याला बहुतेक जण दोष देतात. पन्नास मीटरच्या दोन खांबांत केबल मीटरभर खाली लोंबत असली तरी तिची लांबी वाढते फक्त पाच सेंटीमीटर. साठ-पासष्ट गाळ्यांत मिळून तीन मीटर. झोळाच्या नावावर टक्के टाकत बसू नका.

मशीनमधला अपवर्तनांक (काचेतला प्रकाशाचा वेग ठरवणारा आकडा) मात्र तपासा. १.४६८० च्या जागी १.४६०० राहिला असेल तर एवढ्या अंतरात १९ मीटर जास्त दाखवतो. मशीनपुढे लाँच केबल (मोजणीसाठी जोडलेला जादा तुकडा) लावली असेल तर तिचे ५०० मीटर किंवा १ किलोमीटर वजा झालेत ना, तेही बघा.

पुढच्या वेळी ओएलटीपासून मोजूच नका, तुटलेल्या जागेच्या आधीचा ओळखीचा जॉइंट धरा. समजा ओटीडीआरच्या रेघेवर सात नंबरचं क्लोजर २,९१० वर दिसतं. तिथून तूट ५१० मीटरवर, नागमोडीपणाचे तीन-चार वजा करून ५०६. क्लोजरमधून बाहेर पडताना केबलवर १८४२ छापलेलं आहे असं नकाशात नोंदलेलं असेल, तर तूट २३४८ च्या आसपास आहे. आकडे उतरते असतील तर १३३६ ला. माणसाला 'पेट्रोल पंपाजवळ बघ' असं सांगायचं नाही, 'केबलवर २३४८ वाच' असं सांगायचं. लूप वजा करायचा प्रश्नच उरत नाही, कारण लूपही त्याच कव्हरच्या छापील मीटरांत मोजला गेलाय. त्यासाठी वर सांगितलेला तो रकाना. केबल टाकतानाच दर क्लोजरला आणि दर लूपला छापील आकड्याचा फोटो काढून क्यूफील्डमध्ये जोडला की झालं. नंतर खांबावर चढून आकडे वाचणं हे दुप्पट काम.

आणखी एक. माणसं पाठवण्याआधी १३१० आणि १५५० दोन्हीवर मोजा. १५५० ला घट बरीच जास्त आणि १३१० ला थोडीच असेल, तर केबल तुटलेली नाही, कुठेतरी दाबली किंवा वाकली आहे. मग स्प्लायसिंग मशीन न नेता नुसता हात पुरतो.

प्रश्न : शेपफाइलमध्ये मराठी रकान्यांची नावं अर्धवट कापली जातात. (कुडाळ)

उत्तर : शेपफाइलला रकान्याच्या नावासाठी दहाच बाइट मिळतात आणि देवनागरीचं एक अक्षर तीन बाइट खातं. मात्रासुद्धा वेगळी मोजली जाते. त्यामुळे 'खांब' एवढा शब्दही पुरा बसत नाही. त्याऐवजी जिओपॅकेज हा फाइलचा प्रकार वापरा. पण ती फाइल ड्राइव्हवर ठेवून दोघांनी एकाच वेळी उघडू नका. बदल आधी शेजारच्या तात्पुरत्या फाइलीत लिहिले जातात, ती अर्धीच सिंक झाली की डेटा बिघडतो. दोनपेक्षा जास्त जण रोज काम करणार असतील तर पोस्टजीआयएस (सर्व्हरवरचा नकाशाचा डेटाबेस) टाका.

प्रश्न : नकाशा तयार आहे. खोदायला आणि विजेच्या खांबांवरून केबल न्यायला परवानगी वेगवेगळी लागते का? (जत)

उत्तर : हो. रस्त्याच्या कडेने खोदाईसाठी ज्याचा रस्ता त्याची परवानगी : ग्रामपंचायत, नगरपरिषद, जिल्हा परिषद, सार्वजनिक बांधकाम विभाग. दूरसंचार मार्गाधिकाराचे २०२४ चे नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू आहेत, अर्ज त्यांच्या चौकटीत करा. मार्गाच्या लेयरमध्ये 'रस्त्याचा मालक' हा रकाना आधीच ठेवला तर प्रत्येक कार्यालयासाठी तेवढेच तुकडे गाळून, लांबीसकट वेगळा नकाशा छापता येतो. खोदाईपूर्वी मार्च २०२३ मध्ये आलेल्या 'कॉल बिफोर यू डिग' अॅपवर जागा कळवा, म्हणजे दुसऱ्याची पाण्याची किंवा गॅसची लाइन फुटत नाही.

विजेच्या खांबांसाठी महावितरणची लेखी परवानगी हवी, आणि तिथे पोलादी तार असलेली केबल नको, धातू नसलेली एडीएसएस घ्या. खांबाच्या लेयरमध्ये 'मालक' आणि 'परवानगीची मुदत' हे दोन रकाने घाला आणि मुदत संपत आलेले खांब लाल दिसतील असा नियम लावा.